मार चुकवण्याची विद्या

९ जानेवारी १७८८. इंग्लंडच्या हॅम्पशायर भागातल्या ओडिहॅम गावात लाकडी फळ्यांचा मंच उभारला होता आणि पावसाने तो पार निसरडा झाला होता. मंचावर दोन मुष्टियोद्धे होते. एक रिचर्ड हम्फ्रिज, त्याला लोक ‘जंटलमन बॉक्सर’ म्हणत. रेशमी मोजे आणि नाजूक बूट घालून तो मंचावर चढला, पण पाय घसरायला लागल्यावर त्याने आधी बूट काढले आणि मग रेशमी मोजे उतरवून जाडेभरडे लोकरी मोजे चढवले. समोर उभा होता लंडनच्या पूर्व भागातला विशीतला ज्यू तरुण, डॅनिएल मेंडोझा.

सुरुवातीला मेंडोझाची सरशी होती. त्याचा एक निर्णायक ठोसा हम्फ्रिजवर बसणार, तेवढ्यात हम्फ्रिजच्या मदतनिसाने हात मध्ये घालून तो अडवला. हा मदतनीस साधासुधा नव्हता. तो त्या वेळचा इंग्लंडचा विजेता टॉम जॉन्सन होता. मेंडोझाच्या बाजूने एकच ओरडा झाला, पण पंचांनी निकाल हम्फ्रिजच्या पारड्यात टाकला. एकोणतिसाव्या मिनिटाच्या आसपास मेंडोझाचा पाय मुरगळला आणि सामना संपला. लगेच हम्फ्रिजने आपल्या आश्रयदात्याला दोन ओळींची चिठ्ठी धाडली. त्या ज्यूचं काम उरकलंय आणि मी ठणठणीत आहे, एवढाच तिचा मतलब. प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहायची त्याला गरज वाटली नाही. जात सांगितली की पुरे.

या चिठ्ठीत त्या काळचं लंडन दिसतं. मेंडोझाचा जन्म १७६४-६५च्या सुमाराचा, घराणं स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या सेफार्दी ज्यूंचं. त्याच्या जन्माआधी जेमतेम दहा-बारा वर्षांपूर्वी, १७५३ साली, परदेशी ज्यूंना नागरिकत्वाची वाट मोकळी करणारा कायदा पार्लमेंटने केला होता. त्यावर एवढा गदारोळ उठला की सरकारला तो लगोलग मागे घ्यावा लागला. रस्त्यावर फेरीवाल्या ज्यूची दाढी ओढणं, त्याच्यावर थुंकणं, पोरांनी दगड घेऊन त्याच्या मागे लागणं, यात कुणाला फारसं वावगं वाटत नसे. मेंडोझा मोठा झाला तो अशा रस्त्यांवर. लहानपणी त्याला काचेच्या कामावर उमेदवारीला ठेवलं होतं, पण भांडणामुळे ते सुटलं. मग तो फळवाल्याकडे गेला, तिथून चहाच्या दुकानात.

चहाच्या दुकानातला प्रसंग त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. एक हमाल दुकानात येऊन मालकाशी अरेरावी करू लागला. सोळा वर्षांच्या मेंडोझाने त्याला बाहेर बोलावलं आणि भर रस्त्यात पाऊण तास दोघांची जुंपली. वाटेने जाणारा एक नामांकित मुष्टियोद्धा गंमत पाहायला थांबला आणि स्वतःहून पोराचा मदतनीस झाला. तो होता रिचर्ड हम्फ्रिज! पुढे दोघांचं वैर सगळ्या इंग्लंडमध्ये गाजलं. त्याची सुरुवात अशी दोस्तीतून झाली होती.

त्या काळचं बॉक्सिंग आजच्या वाचकाला ओळखू येणार नाही. हातमोजे नसत. ते सरावापुरते. जॅक ब्रॉटनने १७४३ साली घालून दिलेले नियम चालत. पडलेल्या माणसाला मारायचं नाही, कमरेखाली धरायचं नाही. कमरेच्या वर मात्र कवळ घालून माणूस आपटायला मुभा होती, त्यामुळे हा खेळ निम्मा ठोशांचा आणि निम्मा कुस्तीचा होता. एक जण खाली पडला की फेरी संपली. मग अर्ध्या मिनिटात मंचाच्या मध्यावर खडूने आखलेल्या चौकोनाच्या कडेशी येऊन उभं राहायचं. जो येऊ शकला नाही तो हरला. गुणांवर निकाल हा प्रकारच नव्हता. कायद्याच्या लेखी हे सामने बेकायदाच होते, पण उमराव आणि राजपुत्र स्वतः पैजा लावत असल्यामुळे कायदा बहुधा दुसरीकडे बघत असे.

अशा खेळात मोठ्या हाडापेराचा, जाड कातडीचा माणूस जिंकणार हे उघड होतं. दोघांनी समोरासमोर पाय रोवून उभं राहायचं आणि आलटून पालटून ठोसे घ्यायचे. जास्त मार सोसेल तो मर्द. मेंडोझाची उंची ५ फूट ७ इंच आणि वजन सुमारे १६० पौंड. वजनगट नव्हतेच. समोर येईल त्याच्याशी भिडायचं. दणकट गड्यांशी ठोशाला ठोसा देत बसणं म्हणजे आत्महत्याच होती.

तेव्हा त्याने मार न खाण्याचा अभ्यास केला. बाजूला सरकायचं, डोकं खाली घालायचं, दोन्ही हात पुढे धरून ठोसा अडवायचा आणि समोरच्याचा तोल गेला की झटपट दोन-तीन ठोसे देऊन पुन्हा अंतर ठेवायचं. वार असा आला तर तोडगा असा, या पद्धतीने त्याने तलवारबाजीसारखे एकेक डाव बसवले. आपल्याकडच्या तालमींत हलक्या पैलवानाने डावावर भारी गडी पाडला तर मैदान डोक्यावर घेतात. इंग्लंडमध्ये मात्र आरडाओरड झाली. मागे सरकणं म्हणजे पळपुटेपणा, हे इंग्रजी मर्दपणाला शोभत नाही, असे टोमणे बसू लागले. ‘ज्यू आहे, दुसरं काय करणार’ हा भाव त्यात होताच. मेंडोझावर झालेल्या टीकेतला बराचसा भाग आज वाचला तर ती बॉक्सिंगच्या मूलभूत धड्यांची यादी वाटते. पुढे जग जे शिकलं ते तो आधीच करत होता, म्हणून तो भेकड ठरला.

ओडिहॅमच्या पराभवानंतर मेंडोझा गप्प बसला नाही. ‘द वर्ल्ड’ या लंडनच्या वर्तमानपत्रातून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आव्हान, प्रतिआव्हान, जुन्या सामन्यातल्या अन्यायाची उजळणी, पैजेच्या अटी, सगळं छापून येत होतं आणि लोक चवीने वाचत होते. जेम्स गिलरेसारख्या व्यंगचित्रकाराने दोघांची चित्रं काढली. जॉन्सनने हात घालून ठोसा अडवला त्या प्रसंगावरही त्याचं चित्र आहे. दोघांच्या छबीची पदकं आणि मद्याचे कुंभ बाजारात आले. सामना होण्याआधी सामन्याची भूक तयार करायची, ही आजच्या प्रवर्तकांची युक्ती या दोघांनी सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, कुणी जाहिरात-सल्लागार नसताना वापरली.

दुसरा सामना ६ मे १७८९ रोजी स्टिल्टनला झाला. खास बांधलेल्या प्रेक्षागृहात हजारोंची गर्दी होती. या वेळी मेंडोझाची तयारी पक्की होती. एका फेरीत हम्फ्रिज ठोसा न बसताच खाली बसला. हा नियमभंग होता. पुन्हा वाद, पुन्हा गोंधळ, पंचांमध्ये फाटाफूट. अखेर लढत पुढे चालू झाली आणि मेंडोझा जिंकला. तिसरी लढत २९ सप्टेंबर १७९० रोजी डॉन्कास्टरला. तिथे आत शिरायला अर्ध्या गिनीचं तिकीट होतं, म्हणजे कामगाराच्या आवाक्याबाहेरची रक्कम. बहात्तर फेऱ्या आणि सव्वा तासाच्या आतबाहेर वेळ. हम्फ्रिजच्या चेहऱ्याची पार दशा झाली आणि त्याची कारकीर्द तिथेच आटोपली.

मेंडोझाची कमाई आता मंचापुरती उरली नव्हती. १७८९ साली त्याचं ‘द आर्ट ऑफ बॉक्सिंग’ हे पुस्तक निघालं. त्यात ठोसे आणि बचाव यांचे धडे क्रमाने दिले आहेत, उस्ताद आणि शागीर्द समोरासमोर उभे आहेत असं धरून. लंडनच्या शेअर बाजाराजवळच्या कॅपेल कोर्टात त्याने तालीम काढली. उमरावांची मुलं तिथे ठोसा मारायला आणि मुख्य म्हणजे चुकवायला शिकू लागली. थिएटरच्या रंगमंचावर तो प्रात्यक्षिकं दाखवी, इतर नामवंत योद्ध्यांच्या लकबींच्या नकला करी, इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडचे दौरे करी. १७९२ साली क्रॉयडनजवळ बिल वॉरला हरवल्यावर इंग्लंडचा विजेता म्हणून त्याचंच नाव घेतलं जाऊ लागलं. १७९४ मध्ये वॉरला त्याने पुन्हा लोळवलं, तेही पाव तासाच्या आसपास.

पडझड मात्र झटपट झाली. १५ एप्रिल १७९५ रोजी एसेक्समधल्या हॉर्नचर्चला त्याच्यासमोर जॉन जॅक्सन आला. तो मेंडोझाहून पाच वर्षांनी लहान, चार इंचांनी उंच आणि चाळीसेक पौंडांनी भारी होता. पाचव्या फेरीत जॅक्सनने मेंडोझाचे लांब केस एका हाताने पकडले, डोकं जागच्या जागी धरलं आणि दुसऱ्या हाताने ठोसे हाणले. हालचालीवर उभी असलेली सगळी विद्या एका मुठीत अडकली. मेंडोझाच्या बाजूने हरकत घेतली गेली, पण ब्रॉटनच्या नियमांत केसांबद्दल अक्षर नव्हतं. नऊ फेऱ्या आणि दहा-अकरा मिनिटांत विजेतेपद गेलं. त्यानंतर बॉक्सर केस बारीक ठेवू लागले, असं या खेळाचे इतिहासकार सांगतात. जॅक्सनने त्यानंतर पुन्हा कधी बक्षिसाची लढत खेळली नाही. बाँड स्ट्रीटवर तालीम काढून तो कवी बायरनसारख्यांचा गुरू झाला आणि ‘जंटलमन जॅक्सन’ म्हणून इतिहासात गेला. केस पकडून जिंकलेल्याला सभ्य गृहस्थाची पदवी आणि चपळाईने जिंकणाऱ्याला भेकडपणाचा शिक्का, हा न्याय त्या काळाला मुळीच विचित्र वाटला नाही.

मेंडोझाचं खरं यश शोधायचं तर मंचावरून खाली उतरून पूर्व लंडनच्या गल्ल्यांत जावं लागतं. फ्रान्सिस प्लेस हा शिंप्याचा धंदा करणारा राजकीय सुधारक त्या काळाचा साक्षीदार. ज्यूंना रस्त्यात हुसकावणं, मारणं, दाढी ओढणं, अंगावर थुंकणं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि कुणी सोडवायला येत नसे हेही. मेंडोझाने शाळा काढली, तरुण ज्यू मुष्टियुद्ध शिकले आणि थोड्याच काळात चित्र पालटलं, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. त्याची नोंद फार तोलून लिहिलेली आहे. ज्यूची खोडी काढणं आता धोक्याचं झालं, तो म्हातारा आणि एकटा असेल तर गोष्ट वेगळी, अशा अर्थाचं तो लिहितो. द्वेष गेला असा दावा त्यात नाही. द्वेष करणाऱ्याला उलट ठोसा बसू लागला, एवढंच. या पिढीतून सॅम्युएल इलायस, म्हणजे ‘डच सॅम’, पुढे आला. हनुवटीखालून वर जाणारा ठोसा, आजचा अपरकट, त्याच्या नावावर सांगतात.

पण याच नावलौकिकाची दुसरी बाजू १८०९ साली दिसली. आगीत जळालेलं कॉव्हेंट गार्डन थिएटर नव्याने उघडलं आणि चालक जॉन फिलिप केंबलने तिकिटांचे दर वाढवले. ‘जुनेच दर हवेत’ म्हणत प्रेक्षकांनी दंगा मांडला. ओरडा, शिट्ट्या, घंटा, नाच, असं साठहून अधिक रात्री चाललं. त्यांना आवरायला केंबलने भाड्याने दांडगे आणले, त्यांत मेंडोझा आणि डच सॅम होते. लोकांचा राग तिकिटांवरून थेट ज्यूंवर वळला. शेवटी केंबललाच माघार घेऊन जाहीर माफी मागावी लागली. ज्याच्यामुळे गरीब ज्यूंना ताठ चालता आलं, तो थोड्या पैशांसाठी मालकाचा सोटा होऊन गेला आणि शिव्या मात्र सगळ्या समाजाने खाल्ल्या. मेंडोझाच्या आयुष्यातला हा सर्वांत वाईट निर्णय म्हणायला हवा.

तो निर्णय घेण्यामागे गरज होती. पैसा त्याच्या हातात कधी टिकला नाही. मोठं कुटुंब, उधळा हात आणि कर्जापायी तुरुंगवारी. भरती करणारा शिपाई, शेरीफच्या माणसांचा मदतनीस, व्हाइटचॅपलमधल्या ‘ॲडमिरल नेल्सन’ दारूगुत्त्याचा मालक, असे किती धंदे त्याने केले. १८०६ साली तो जुन्या ओळखीच्या हॅरी लीशी पैशांच्या भांडणावरून लढला आणि त्रेपन्न फेऱ्यांनंतर जिंकला. १८१६ साली आठवणींचं पुस्तक काढलं. १८२० साली, पंचावन्नाव्या वर्षी, बॅन्स्टेड डाउन्सला पन्नाशी ओलांडलेल्या टॉम ओवेनशी तो शेवटचा लढला. बारा फेऱ्यांत हरला. ही लढत व्हायलाच नको होती. पुढच्या वर्षी चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला बंदोबस्तासाठी मुष्टियोद्धे नेमले गेले, त्यांचा प्रमुख होता जॅक्सन.

३ सप्टेंबर १८३६ रोजी मेंडोझा वारला. दोन वर्षांनी ‘लंडन प्राइझ रिंग’ नियम आले, १८६७ साली क्वीन्सबरीचे नियम आले, हातमोजे आणि ठरावीक वेळेच्या फेऱ्या आल्या. पायांची हालचाल आणि बचाव हाच या खेळाचा कणा ठरला. विसाव्या शतकातला विनोदी नट पीटर सेलर्स स्वतःला आईकडून मेंडोझाचा वंशज सांगे आणि आपल्या चित्रपटसंस्थेच्या बोधचिन्हावर त्याचं चित्र घालण्याचा त्याचा बेत होता. १९९० साली आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमने पहिल्या तुकडीतच मेंडोझाला घेतलं. जॅक्सनला तिथे पोचायला आणखी दोन वर्षं लागली.

जॅक्सनची समाधी लंडनच्या ब्रॉम्प्टन दफनभूमीत आहे. चाहत्यांनी वर्गणी काढून बांधलेली, वर दगडी सिंह बसवलेला. मेंडोझाला माइल एंडच्या सेफार्दी दफनभूमीत पुरलं होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जागेचा मोठा भाग क्वीन मेरी कॉलेजच्या इमारतींसाठी गेला आणि तिथले अवशेष एसेक्समधल्या ब्रेंटवूडला हलवण्यात आले. २००८ साली त्याच संस्थेच्या आवारात मेंडोझाचा कांस्यफलक लागला. त्याचं अनावरण ब्रिटनचा माजी हेवीवेट विजेता हेन्री कूपर याने केलं.