राष्ट्रसभेचे धुळेकर अध्यक्ष

वर्गात मी दरवर्षी विचारतो, "खानदेशाचा आणि काँग्रेसचा संबंध काय?" भराभर हात वर होतात. फैजपूर, १९३६! मग विचारतो, "काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारा धुळ्याचा सुपुत्र कोण?" वर्ग चिडीचूप! मुलांना तरी बोल कसा लावावा? खुद्द मास्तरांनाच ते नाव फार उशिरा कळले.

रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे ते नाव. १० मे १८५७ रोजी मीरतेस बंडाचा वणवा पेटला आणि सहाच दिवसांनी धुळ्यास यांचा जन्म झाला. मात्र या पुरुषाने हाती धरले ते शस्त्र कायद्याचे. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून त्यांनी वऱ्हाडात वकिली मांडली, अमरावतीस नाव काढले. १८९० मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींबरोबर विलायतेस जाऊन त्यांनी हिंदुस्थानचे गाऱ्हाणे इंग्रज जनतेपुढे ठेवले.

त्याच अमरावतीत दुसरे नामांकित वकील होते दादासाहेब खापर्डे. ते टिळकांचे जिवलग, तर मुधोळकर नेमस्त. १९०७ साली सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली आणि एका गावचे हे दोघे दोन वाटांनी गेले. जयजयकार जहालांच्या वाट्यास आला. अर्जविनंत्या करणाऱ्या नेमस्तांच्या वाट्यास टवाळी.

१९१२ च्या डिसेंबरात पाटण्यास बांकीपूर येथे मुधोळकर अध्यक्ष झाले. विलायतेहून नुकतेच परतलेले तरुण जवाहरलाल नेहरू तेथे प्रतिनिधी होते. इंग्रजी जाणणाऱ्या, इस्त्रीच्या पाटलोणीतल्या प्रतिष्ठितांचा तो स्नेहमेळावाच त्यांना वाटला. तसे त्यांनी आत्मचरित्रात लिहूनही ठेवले. चोवीस वर्षांनी तेच जवाहरलाल फैजपुरास, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून शेतकऱ्यांच्या गर्दीत उभे राहिले.

मग मुधोळकरांची वाट वायाच गेली काय? १३ जानेवारी १९२१ रोजी ते निवर्तले, तेव्हा गांधीयुग सुरू झाले होते आणि तसेच वाटावे असा तो काळ होता. पण पुढे त्यांचे चिरंजीव जनार्दन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. राज्यघटनेची मूळ वैशिष्ट्ये संसदेला बदलता येतील काय, हा प्रश्न त्यांनी १९६४ मध्ये एका निकालपत्रात उपस्थित केला. १९७३ मध्ये त्याच न्यायालयाने निर्वाळा दिला : घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही.

स्वराज्य मिळवावयास फैजपूरची गर्दी लागली. ते राखावयास कायद्याचा माणूसही लागतोच. यंदा फराळाच्या ताटाभोवती मुले जमली, की फैजपूरची गोष्ट जरूर सांगा. शेवटी धुळ्याचे हे नावही सांगा.