वाटाड्याचे कूळ

यवतमाळहून दारव्ह्याला जाताना वाटेत लागणाऱ्या बोरी अरब या गावातून हल्ली जी परगावची मोटार जाते, तिच्या समोरच्या काचेपाशी बहुधा एक मोबाईल अडकवलेला असतो. आणि पुढचे वळण किती मीटरवर आहे, ते उजवे की डावे, मुक्कामाला पोहोचणे किती वाजता होईल, हे त्यातला एक अनामिक आवाज चालकाला इतक्या निर्विकार तत्परतेने सांगत असतो, की हा प्राणी कालपरवा जन्मला असून त्याला मागेपुढे कोणी नसावे, असाच ऐकणाऱ्याचा समज व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही. या आवाजाला पितृकुळ आहे आणि आजोळही आहे. भूमी मोजून ती कागदावर उतरवणाऱ्यांचे कूळ हे त्याचे पितृकुळ होय; त्याची वंशावळ उपग्रहांपर्यंत बिनचूक लिहिलेली आढळते. अनोळखी माणसाला तोंडाने वाट सांगणाऱ्यांचे आजोळ मात्र, दप्तरात नोंदवण्याजोगे काही त्यांच्या पदरी नसल्यामुळे, बहुतेक विस्मृतीत गेले. प्रस्तुत लेखकाचा ओढा त्या आजोळाकडे आहे.

मराठीत वाट सांगण्याची विद्या लिहून ठेवण्याचा जुना आणि अतिशय निष्ठापूर्वक उद्योग महानुभावांनी केला. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, जेथे बसले, निजले, जेवले, ती प्रत्येक जागा पुढील पिढ्यांतल्या साधकाला वंदनासाठी नेमकी सापडावी या हेतूने ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तो मुनिव्यासांच्या नावावर असून चौदाव्या शतकातला मानला जातो. गाव कोणते, गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, देवळाचे दार कोणीकडे, दारापासून कोणत्या दिशेला ते स्थान, अशा क्रमाने हा ग्रंथ वाचकाला पावलापावलाने पुढे नेतो. त्यात नकाशा नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या परंपरेत भर दिशेवर आहे. पूर्व ही सर्वांची एकच असते. उजवा हात मात्र प्रवाशाने तोंड फिरवले की फिरतो. आजचा आवाज उजव्याडाव्याची भाषा बोलतो आणि पडद्यावरचा नकाशा गाडीच्या तोंडाप्रमाणे गरगर फिरवतो, तेव्हा जगाचा मध्यबिंदू त्याने मोटारीच्या आसनावर आणून ठेवलेला असतो. ऋद्धिपूरच्या वाटेला लागलेल्या महानुभाव यात्रेकरूला ही कल्पना उद्धटपणाची वाटली असती.

ग्रंथाची गोष्ट वेगळी आणि प्रत्यक्ष माणसाची वेगळी. गावगाड्याच्या जुन्या व्यवस्थेत परगावच्या इसमाला, विशेषतः सरकारी कामगाराला, वाट दाखवणे हे एक नेमून दिलेले काम होते आणि ते महार वतनदाराकडे असे. गावाच्या शिवा त्याला पाठ असत. सीमेचा तंटा उपस्थित झाला तर त्याची साक्ष घेतली जाई. सरकारी सारा ठाण्यावर पोहोचवणे, टपाल पुढे नेणे आणि आलेल्या पाहुण्यापुढे चालत त्याला शिवेपर्यंत पोहोचते करणे, हा त्याच्याच कामाचा भाग होता. शीव आली की पुढल्या गावचा वाटाड्या पुढचा टप्पा हाती घेई. कोणालाही साऱ्या मुलखाची वाट ठाऊक नसे, आणि ठाऊक असण्याची गरजही नसे. प्रत्येकाने आपापला तुकडा चोख जाणायचा आणि पाहुणा पुढच्याच्या हवाली करायचा, एवढ्यावर शेकडो कोसांचा प्रवास निभावत असे. पुढचे वळण तेवढे सांगावे, त्यापलीकडचे वेळ आल्यावर, हे जे आजच्या यंत्राचे मुख्य तत्त्व, ते अशा रीतीने शिवेशिवेवर आचरले जात होते.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे काम ऐच्छिक नव्हते. ती वेठ होती. बलुते आणि तुटपुंजी इनाम जमीन यांच्या मोबदल्यात अहोरात्र केव्हाही, घरातल्या कोणालाही बोलावले तर हजर राहावे लागे, आणि न गेल्यास पाटलाचा कोप ओढवे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात गावकामगारांच्या या बारीकसारीक कामांचा तपशील सापडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. मुंबई इलाख्यातली ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. वाट सांगणाऱ्याला रस्त्याचे ज्ञान होते, पण तो रस्ता सोडून जाण्याची मुभा नव्हती.

आता पितृकुळाकडे वळू. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला आणि सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र बरोबर घेऊन, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो दोन दशके उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना तो हिंगणघाटला मरण पावला. त्याची कबर तेथेच, यवतमाळ जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आहे. पुढे जमाबंदीच्या मोजणीदारांनी साखळ्या टाकून शेताशेताचे नकाशे केले, आणि गावाची शीव, नाले, गाडीवाट, पाणंद हे सारे, जे आजवर माणसाच्या स्मरणात होते, ते सरकारी दप्तरात दाखल झाले. दप्तराचा स्वभाव स्मरणाहून निराळा असतो. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला तेव्हा दारव्हा तालुका यवतमाळकडे आला, आणि त्याच सुमारास जिल्ह्याचे वणी हे नाव जाऊन यवतमाळ हे नाव रूढ झाले. म्हणजे बोरी अरब जागचे हलले नाही, पण त्याचा दप्तरी पत्ता पार बदलला. बोरी नावाची गावे महाराष्ट्रात ठायी ठायी असल्यामुळे पत्त्याची ही निकड यंत्रालाही चुकलेली नाही. त्याला नुसते ‘बोरी’ सांगितले तर कोणत्या बोरीला पोहोचवील याचा नेम नाही.

नकाशाच्या या कुळात विदर्भाने आणखी एक भर घातली, तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने देशातील रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते अशी प्रतवारी ठरवली. ही ‘नागपूर योजना’ रस्ते बांधण्यासाठी होती. परंतु रस्त्याला जात आणि दर्जा असतो ही तिची कल्पना यंत्राच्या हिशेबातही आहे. कोणता रस्ता किती वेळ खाईल याचा अंदाज बांधताना त्याचा वर्ग हा एक मोठा आधार असतो, आणि म्हणूनच यंत्र आपल्याला जवळची पाणंद सोडून लांबचा महामार्ग दाखवते.

तो हिशेब मूळचा एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाचा. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून थकल्यावर हा तरुण एका कॉफीगृहाच्या सज्जात बसला, आणि रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा सर्वात जवळचा मार्ग कोणता, या प्रश्नाची रीत त्याने कागदपेन्सिलीवाचून सुमारे वीस मिनिटांत मनाशी बसवली. छापली मात्र तीन वर्षांनी. रीत बोरी अरबच्या माणसाला सहज कळेल अशी आहे. निघायच्या गावापासून जे गाव सर्वात कमी अंतरावर असेल त्याचे अंतर आधी कायम करावयाचे; मग त्या गावावरून पुढच्या गावांची अंतरे मांडावयाची, आणि जी मांडली गेली आहेत त्यांतले सर्वात कमी पुन्हा कायम करावयाचे; असे करीत इष्ट गाव कायम झाले की थांबावयाचे. यात प्रतिभा आहे ती मांडलेले आणि कायम झालेले हा भेद सांभाळण्यात. कारंज्याला, म्हणजे समृद्धी महामार्गाच्या अंगाला निघालेला मनुष्य दारव्ह्यावरून जावे की नेरवरून, याचा विचार मनात याच रीतीने करतो. फक्त त्याला ते ठाऊक नसते.

मोटारीत वाट दाखवणारी उपकरणे याच्याही आधी निघाली होती. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत चाकाला जोडलेली, कागदी तबकडी फिरवणारी एक युक्ती विकली जात असे. पुढे १९८५ साली एटॅक नावाच्या कंपनीने कॅसेटवर साठवलेले नकाशे मोटारीत आणले. चाकांची गती आणि होकायंत्र यांवरून गाडी कोठे आहे याचा अदमास घ्यावयाचा आणि तो नकाशातल्या रस्त्यावर बसवून दुरुस्त करावयाचा, ही तिची रीत. परंतु ही सर्व मुकी संतती होती. चालकाने डोळे रस्त्यावर ठेवावेत की पडद्यावर, हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही.

तो सोडवण्याचे श्रेय, माझ्या मते, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जिम डेव्हिस आणि ख्रिस श्मांट यांच्या ‘बॅक सीट ड्रायव्हर’ या १९८९ च्या प्रयोगाला दिले पाहिजे. केंब्रिज आणि बॉस्टनच्या रस्त्यांवर त्यांनी मोटारीला प्रथमच सलग बोलते केले. वळण किती आधी सांगावे, एकामागोमाग दोन वळणे असतील तर दोन्ही एकदम सांगावीत काय, चालक चुकला तर त्याला दोष न देता पुढे कसे न्यावे, असले प्रश्न त्यांना पडले. आणि हे गणिताचे प्रश्न नसून शिष्टाचाराचे प्रश्न आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. शिवेपर्यंत पाहुण्याला नेणाऱ्या वाटाड्याला ते रोज पडत असले पाहिजेत. आजोळचे रक्त यंत्रात उतरले ते येथे. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्यापूर्वी शंभरेक मीटरचा फरक पडे, म्हणजे यंत्र एक गल्ली सोडून दुसरीत उभे असल्याचे बेलाशक सांगे. आकाशात सुमारे २०,००० किलोमीटरांवर फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संकेत किती वेळाने पोहोचले, यावरून आपला ठावठिकाणा ठरतो; लॅम्टनने कोन मोजले, येथे काळ मोजतात, इतकाच भेद. २००९ च्या अखेरीस गूगलने बोलका मार्गदर्शक मोबाईलवर फुकट आणला, आणि दुकानातली वेगळी यंत्रे पाहता पाहता अडगळीत गेली.

हिंदुस्थानात येताच मात्र त्याला जिभेचे वळण बदलावे लागले. आपल्याकडे रस्त्यांना नावे असली तरी ती कोणी उच्चारीत नाही, आणि पाट्या असल्या तरी त्या वाचण्याजोग्या असतातच असे नाही. बोरी अरबच्या पानठेल्यावर गाडी थांबवून विचारा, उत्तर मिळेल ते असे: “सरके जा भाऊ, पुढं मारोतीचं देऊय लागन, तथून डाव्या हाताले वया.” त्यातही सांगणारा आधी विचारून घेईल, कोणाच्या घरी जायचे आहे. गूगलच्या माणसांनी येथील लोक परस्परांना वाट कशी सांगतात याची पाहणी केली, आणि डिसेंबर २००९ पासून भारतातल्या मार्गदर्शनात पेट्रोलपंप, देऊळ, दुकान अशा खुणा घालण्यास आरंभ केला. त्या खुणा आल्या कोठून? २००८ साली खुल्या झालेल्या ‘मॅप मेकर’ या सोयीने सामान्य लोकांनी आपापल्या गावाचे रस्ते आणि ठिकाणे स्वतः रेखाटली होती, त्यातून बऱ्याच आल्या. भाषेची गोष्ट अधिक संथ चालली. २०१८ मध्ये सहा भारतीय भाषांत आवाजी मार्गदर्शन जाहीर झाले त्या यादीत मराठी नव्हती. २०२१ मध्ये ठिकाणांची नावे आपोआप देशी लिप्यांत उतरवण्याची व्यवस्था दहा भाषांसाठी झाली, तीत ती होती.

वाहतुकीची खबर यंत्राला मिळते ती रस्त्यावरून चाललेल्या मोबाईलांकडूनच. पूर्वी वाट सांगणारा वेठीला धरला जाई. आता वाट विचारणाराच जाता जाता आपला वेग आणि ठिकाण सरकारजमा करावे तसे जमा करीत जातो, आणि त्याला त्याचे भानही नसते. या अदलाबदलीत जबाबदारी कोठे गेली, हे पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी एक मोटार नकाशाच्या सांगण्यावरून धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाकडे वळली आणि पाण्यात बुडून एकाचा अंत झाला. तो पूल दर वर्षी काही महिने पाण्याखाली असतो, हे त्या पंचक्रोशीत सर्वांना माहीत होते. जुना वाटाड्या पाहुण्याच्या पुढे चालत असल्यामुळे असल्या पाण्यात पहिले पाऊल त्याचेच पडले असते.

विदर्भातल्या ठेंगण्या पुलांवरून पावसाळ्यात पाणी वाहते, काळ्या मातीच्या पाणंदीत बंडीची चाके आखापर्यंत रुततात, आणि यंत्राला दोन्ही वाटा कोरड्याच दिसतात. त्याला कळवण्याची सोय आहे. पूल बंद असल्याची सूचना कोणाही माणसाला आपल्या मोबाईलवरून विनामोबदला पाठवता येते, आणि गावातली कॉलेजात जाणारी पोरे ती उत्साहाने पाठवतातही; ती पडताळून नकाशावर चढते तेव्हा कित्येकदा पूर ओसरून एसटी पुन्हा सुरू झालेली असते.