नभोवाणीवरील सामान्य माणसाची मुलाखत : खानदेशच्या इतिहासाचे एक साधन

खानदेशच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास कागदाची वाण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जतन केला. १८८० साली प्रसिद्ध झालेला खानदेश जिल्ह्याचा गॅझेटियर हाताशी आहे. महसुलाची, न्यायालयांची आणि भिल्ल एजन्सीची दप्तरे आहेत. परंतु या सर्व साधनांत बोलतो कोण, असा प्रश्न केला, तर उत्तर समाधानकारक येत नाही. कुळकर्णी बोलतो, मामलेदार बोलतो, कलेक्टर बोलतो. रयत बोलते ती केवळ अर्ज करताना किंवा जबानी देताना. म्हणजे ती अडचणीत सापडली असेल तेव्हाच. नांगर धरणारा, कापूस वेचणारी, जिनात सरकी उपसणारा माणूस कोणत्याही संकटावाचून, आपल्या नित्याच्या जीवनाविषयी, दुसऱ्याने विचारले म्हणून बोलत आहे, असे साधन विसाव्या शतकापूर्वी जवळजवळ नाहीच. ते साधन निर्माण करण्याचे सामर्थ्य नभोवाणीत होते. त्या सामर्थ्याचा खानदेशात कितपत उपयोग झाला आणि अभ्यासकाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार येथे केला आहे.

नभोवाणीच्या आधीही खानदेशात बोललेला शब्द टिपण्याचे प्रसंग घडले होते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ली बोलींसह खानदेशीचे नमुने आले. पण सर्वेक्षणाचा मुख्य नमुना सर्वत्र एकच होता : बायबलातील उधळ्या पुत्राची कथा. सांगणाऱ्याची बोली हवी होती. त्याचे स्वतःचे जीवन नको होते. दुसरा प्रसंग धुळ्याच्या तुरुंगातील. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तिसरा प्रसंग बहिणाबाई चौधरींचा. असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावी नांदलेल्या या निरक्षर कवयित्रीची गाणी घरातील माणसांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी ती गाणी ग्रंथरूपाने बाहेर आली. या तिन्ही प्रसंगी शब्द राहिला, तो दुसऱ्याच्या लेखणीमुळे. आवाज मात्र राहिला नाही. बहिणाबाई आपली ओवी कोणत्या लयीत म्हणत, कोठे थांबत, हे आज छापील पानावरून कळण्यास मार्ग नाही.

अनोळखी सामान्य माणसापुढे ध्वनिक्षेपक धरण्याची प्रथा जगातही फार जुनी नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी १९३२ साली रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्यास प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे स्वरूप प्राधान्याने करमणुकीचे होते. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बी.बी.सी.च्या ऑलिव्ह शॅप्ली यांनी ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन उत्तरेकडील कामगारवस्त्या गाठल्या आणि खाणमजुरांच्या बायकांना त्यांच्या संसाराविषयी बोलते केले. चुंबकीय फीत आल्यावर हे काम पुष्कळच सुकर झाले. शिकागोचे नभोवाणी-मुलाखतकार स्टड्स टर्केल यांनी १९६७ साली आपल्या शहरातील साध्या माणसांच्या कथनांचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९७४ साली लोक आपापल्या कामाविषयी काय म्हणतात, याचा. प्रश्न थोडे, ऐकणे फार, ही त्यांची रीत होती. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक येथेच आहे : ह्यूस्टनचा माणूस एका क्षणाच्या गमतीपुरता होता, टर्केलचा माणूस आपल्या आयुष्याचा साक्षीदार होता.

भारतात २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तरी खेड्यातील माणूस बराच काळ केवळ श्रोता राहिला. त्याला उलट बोलण्याची संधी देणारा पहिला मोठा प्रयत्न मराठी मुलखातच झाला, ही गोष्ट विशेष नमूद करण्याजोगी आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक कार्यक्रम ऐकल्यानंतर मंडळाने चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडावेत, अशी योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. खानदेशाच्या शेजारचा नाशिक जिल्हा त्यात होता. पूर्व व पश्चिम खानदेश मात्र बाहेर राहिले. या प्रदेशास स्वतःचे केंद्र मिळाले ते १९७६ साली जळगावी. पुढे धुळ्यासही स्थानिक केंद्र झाले.

केंद्र जवळ आले, म्हणजे आवाजही जवळचा आला. शेतीविषयक कार्यक्रमांतून रावेर-यावलचा केळीउत्पादक, कापूसवाला, दूधसंस्थेचा सभासद आपल्या गावच्या नावानिशी बोलू लागला. हा लाभ मोठाच होय. परंतु अशा मुलाखतीचा साधन म्हणून उपयोग करताना तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्या लागतात. पहिली निवडीची. शेतीच्या कार्यक्रमात बोलावणे येते ते बहुधा यशस्वी शेतकऱ्यास. तो उदाहरण म्हणून बोलतो. ज्याचे पीक बुडाले किंवा ज्याला जमीनच नाही, त्याला उदाहरण होता येत नाही. दुसरी गोष्ट प्रश्नाची. कंद कोणता लावला, पाणी किती दिले, घड केवढा आला, असे विचारले की तेवढेच उत्तर येते. त्याच मळ्यात केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्या मजुराचा दिवस कसा गेला, हे न विचारल्यामुळे इतिहासातून गळते. तिसरी गोष्ट भाषेची आणि ती खानदेशापुरती सर्वांत बिकट. घरी ‘मना’ आणि ‘माले’ म्हणणारा माणूस ध्वनिक्षेपक दिसताच ‘माझा’ आणि ‘मला’ म्हणू लागतो. अहिराणी, पूर्वेकडील लेवा गणबोली, सातपुड्यातील पावरी व भिल्ली या बोलींत जे सहज सांगता येते, ते ग्रांथिक मराठीत आणताना आखडते. १९०७ च्या नमुन्यात बोली होती आणि जीवन नव्हते; येथे जीवन असून बोली निसटते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. हे ध्यानी घेतले म्हणजे या उणिवेचे मोल कळते.

अशा मुलाखतीवाचून जे कळूच शकत नाही, त्याचे एक उदाहरण पुरेसे होईल. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या खोऱ्यात फड बागायतीची पद्धत काही शतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, फेरपालट ठरलेली असावयाची आणि पाणी पाटकऱ्याच्या हातून मिळावयाचे. बंधाऱ्यांची नोंद सरकारी दप्तरात सापडते. पण टंचाईच्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवावयाचा हा निर्णय कसा होई, वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याचे भांडण कोण मिटवी, रात्रीचे पाणी वळवताना पाटकरी कोणत्या खुणेवर भरवसा ठेवी, हे ज्ञान मुखीचे आहे. ते विचारण्यास माणूस गेला नाही, तर पाटकऱ्याबरोबर ते संपते.

यावर असा आक्षेप येतो की, सामान्य माणसाची स्मृती चुकते. तिच्यावर इतिहास कसा उभारावा? आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. इटलीतील तेर्नी या पोलादाच्या गावी लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली मारला गेला. पुढे अनेक गावकरी तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगत. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ही चूक टाकून न देता तिचाच अर्थ लावला : त्या गावाला कोणते दुःख अधिक झोंबले, हे त्या चुकीतून कळते. महाराष्ट्रातही माणसे लग्ने, जन्म आणि स्थलांतरे १९७२ च्या दुष्काळाच्या अलीकडे-पलीकडे लावून सांगतात. तारखेसाठी दप्तर पाहावे. त्या तारखेचे वजन किती, हे माणसास विचारावे. दोन्ही साधने परस्परांची तपासणी करतात.

शेवटचा प्रश्न जतनाचा. फीत महाग असल्यामुळे ती पुसून पुन्हा वापरण्याची रीत जगभरच्या नभोवाणी केंद्रांत होती. नेत्याचे भाषण आणि गवयाचे गाणे राखून ठेवावे, असे त्या काळी सर्वांस वाटे. शेतमजुराचे दहा मिनिटांचे बोलणे राखावे, असे वाटण्यास कारण नव्हते. राजवाड्यांच्या पूर्वी माळ्यावरच्या रुमालांविषयीही लोकांची भावना अशीच होती. वाणसामानाच्या पुड्या बांधण्यास जाणारा कागद हा इतिहासाचा पुरावा आहे, हे त्यांनी दारोदार हिंडून पटवून दिले. जळगावी १९९० साली स्थापन झालेल्या विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीचा शब्द घरच्यांच्या दक्षतेमुळे वाचला आणि आवाज हरपला, तिच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठाच्या प्रदेशात हे काम अपुरे राहणे शोभणारे नाही. उरलेल्या ध्वनिफितींची यादी करणे, बोलणाऱ्याची बोली, गाव आणि व्यवसाय नोंदणे, आणि ज्यांना कोणी विचारले नाही त्यांना त्यांच्याच बोलीत विचारणे, एवढे कार्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. कागद शंभर वर्षे वाट पाहू शकतो. माणूस पाहू शकत नाही.