ईश्वराचा अनुताप व अविकारिता

ईश्वर एकदा केलेला संकल्प बदलतो किंवा काय, हा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील एक जुना वादविषय. त्याचे मूळ तत्त्वज्ञांच्या तर्कात नसून बायबलच्या शब्दांतच आहे. जुन्या करारातील पहिल्या शमुवेल ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात अमालेकी लोकांवरील स्वारीत शौल राजा आज्ञाभंग करतो, तेव्हा त्याला राजा केल्याचा आपणास अनुताप होत असल्याचे परमेश्वर सांगतो (११). पुढे शमुवेल संदेष्टा शौलास बजावतो, की ईश्वर मनुष्य नसल्यामुळे अनुताप करीत नाही (२९). आणि अध्यायाच्या शेवटी निवेदक पुन्हा परमेश्वरास अनुताप झाल्याचे नमूद करतो (३५). तिन्ही ठिकाणी ‘नाहम’ हाच हिब्रू धातू आहे. दुःखी होणे, सांत्वन पावणे, केलेला निश्चय मागे घेणे अशा त्याच्या अनेक छटा असल्या, तरी केवळ अर्थच्छटांनी ही विसंगती मिटत नाही.

अन्यत्रही हाच प्रकार आढळतो. सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्या इस्राएल लोकांचा नाश करण्याचे परमेश्वर मोशेच्या विनवणीवरून टाळतो (निर्गम ३२). यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात कुंभाराच्या दृष्टांताने तर नियमच सांगितला आहे : राष्ट्र वाईटापासून वळले, तर ईश्वरही योजिलेल्या अरिष्टापासून वळतो, ते बिघडले, तर योजिलेल्या हितापासूनही. निनवे नगर अशाच रीतीने वाचले आणि ईश्वर असे करणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे योना संदेष्टा रुष्ट झाला. याउलट गणना २३ : १९, मलाखी ३ : ६ व नव्या करारातील याकोबाचे पत्र (१ : १७) यांत ईश्वराच्या ठायी पालट नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. श्रद्धावानाच्या दृष्टीने दोन्ही बाजूंस काही गमवायचे आहे. ईश्वराचे मन वळत नसेल, तर याचनेस अर्थ काय? आणि वळत असेल, तर त्याच्या अभिवचनावर विसंबावे कसे?

ग्रीक जगात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. पूर्ण असलेली वस्तू बदलली, तर ती उणीच होणार, असा युक्तिवाद प्लेटोने ⇨ रिपब्लिक या संवादात केला होता. जुन्या कराराच्या सेप्ट्युअजिंट या ग्रीक भाषांतरात उत्पत्ती ६ : ६ येथील ‘अनुताप झाला’ याऐवजी ‘विचार केला’ अशा अर्थाचा शब्द आला आहे. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्ववेत्ता फिलो याने याच उताऱ्याच्या अनुषंगाने ईश्वराच्या अविकारितेवर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. दुसऱ्या शतकात मार्शनने अनुताप करणारा ईश्वर हा हलक्या प्रतीचा, येशूच्या पित्याहून भिन्न असा देव ठरविला. टर्टलियनने त्याचे खंडन केले. ऑरिजेनच्या मते मोठी माणसे लहान मुलांशी बोबडे बोलतात, तशी ही भाषा आहे. पुढे कॅल्व्हिननेही दाईच्या उपमेने हेच सांगितले.

सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) कार्य बदलते, संकल्प नव्हे, असा भेद केला. एका पत्रात त्याने एका वैद्याचे उदाहरण दिले आहे : रोग्याने पूर्वी गुणकारी ठरलेले औषध पुढे आपल्या मनाने घेतले आणि ते बाधले, कारण वय बदलले होते, वैद्याची विद्या नव्हे. सेंट टॉमस अक्वाय्‌नसने (सु. १२२५–७४) इच्छा बदलणे व बदल इच्छिणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. प्रार्थना ईश्वरी योजना पालटण्यासाठी नसून, प्रार्थनेनेच मिळावे असे ज्याबद्दल त्याने ठरविले आहे, ते मिळविण्यासाठी असते, असे त्याचे उत्तर होते. तर्कदृष्ट्या ते निर्दोष असले, तरी मोशेच्या विनवणीतील आर्तता त्यात उरत नाही, हे मान्य करावे लागते. लॅटरनची चौथी परिषद (१२१५), वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्र (१६४६) व पहिली व्हॅटिकन परिषद (१८७०) यांनी अविकारितेचा सिद्धांत अधिकृतपणे मांडला.

त्याला मोठा धक्का फाउस्तो सोझीनीने (१५३९–१६०४) दिला. मानवाच्या भावी स्वतंत्र कृती ईश्वरासही निश्चितपणे ज्ञात नसतात, हे त्याचे मत पाखंड ठरले. एकोणिसाव्या शतकात इझाक आउगुस्ट डोर्नर या जर्मन ईश्वरविद्यावेत्त्याने अविकारिता ही ईश्वराच्या प्रेमाची व पावित्र्याची आहे, त्याच्या जगाशी असलेल्या जिवंत संबंधाची नव्हे, असे प्रतिपादिले. कार्ल बार्टनेही ‘अचलता’ऐवजी ‘स्थिरनिष्ठा’ हा अर्थ पुरस्कारिला. हिब्रू लेखकांच्या कराराधिष्ठित दृष्टीशी हे अधिक जुळते. व्हाइटहेड व हार्टशोर्न यांच्या प्रक्रिया-तत्त्वज्ञानाने मात्र ईश्वराच्या स्वरूपातच बदलास स्थान दिले.

क्लार्क पिनॉक, जॉन सँडर्स इत्यादींच्या द ओपननेस ऑफ गॉड (१९९४) या ग्रंथाने हा वाद अमेरिकेतील इव्हँजेलिकल पंथीयांत पुन्हा पेटला. भविष्य अंशतः अनिर्णित असून ईश्वर मानवी प्रतिसादानुसार खरोखरच आपला निश्चय बदलतो, असे त्यांचे मत होते. इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीने २००१ मध्ये ईश्वराच्या संपूर्ण पूर्वज्ञानाच्या बाजूने ठराव केला. २००३ मध्ये पिनॉक व सँडर्स यांना काढून टाकण्याचा प्रश्न मतास आला. परंतु दोघांविरुद्धही आवश्यक ती दोन-तृतीयांश मते न पडल्याने त्यांचे सदस्यत्व कायम राहिले.