उडवण्यापूर्वीची वीस मिनिटे

आमचे रेडिओवर चालणारे पहिले विमान चार सेकंद उडाले. दोन महिने रोज संध्याकाळी खपून, बाल्सा लाकडाच्या पट्ट्या जोडून आम्ही ते बांधले होते. मैदानावर इंजीन पहिल्या झटक्यात सुरू झाले, विमान धावले, जमीन सोडली आणि नाक वर करत करत जवळजवळ उभेच राहिले. आम्ही ट्रान्समीटरवरची कांडी पुढे दाबली, पण उपयोग झाला नाही. विमान क्षणभर थबकले, एका अंगावर कलंडले आणि शेजारच्या ज्वारीत नाकावर आपटले. तुकडे गोळा करत असताना तिथल्या एका जुन्याजाणत्या गृहस्थांनी एवढेच विचारले, "तोलून पाहिले होतेत का?"

आम्ही तोलले नव्हते. बॅटरी पुढच्या खणात मावेना, म्हणून पंखाच्या मागे बसवली होती. दिसायला विमान अगदी ऐटदार होते.

त्या एका प्रश्नामुळे आम्ही या छंदाचा इतिहास चाळू लागलो. जाणकार मंडळी विमान हवेत सोडण्यापूर्वी निदान वीस मिनिटे तपासणी करतात. तोल पाहतात, पंख आणि शेपटीचे कोन पाहतात, सुकाणू योग्य बाजूला वळते का ते पाहतात, रेडिओचा पल्ला मोजतात. वाचत गेलो तसे लक्षात आले, की यातली प्रत्येक तपासणी म्हणजे विमानविद्येच्या इतिहासातला एकेक धडा आहे. तो शिकण्यासाठी कोणीतरी आयुष्याची काही वर्षे घातली आहेत. आपण त्याच क्रमाने हे धडे पाहू.

पहिली तपासणी : तोल

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील जॉर्ज केली यांनी १८०४ साली एक साधेसे ग्लायडर बनवले. सुमारे दीड मीटर लांबीची एक काठी, तिच्यावर पंख म्हणून बसवलेला एक पतंग, मागे फुलीच्या आकाराची हलवता येणारी शेपटी आणि पुढच्या बाजूला एक सरकते वजन. पंख, धड, शेपटी ही आजच्या विमानाची मांडणी इथे प्रथम स्पष्ट दिसते. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते सरकते वजन. ते पुढेमागे करून केली विमानाचा गुरुत्वमध्य बदलत आणि ग्लायडर कसे तरंगते ते पाहत.

गुरुत्वमध्याला एवढे महत्त्व का? समजा, वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक किंचित वर गेले. आता पंख आणि शेपटी या दोघांवरची उचल वाढते. ही वाढीव उचल सगळी मिळून एका ठराविक बिंदूतून कार्य करते असे मानता येते. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या पुढे असेल, तर वाढीव उचल शेपटीकडचा भाग वर ढकलते आणि नाक पुन्हा खाली येते. विमान आपणहून सावरते. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या मागे असेल, तर तीच उचल नाक आणखी वर नेते. मग उचल आणखी वाढते, नाक आणखी वर जाते आणि शेवटी पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते. उचल एकाएकी कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. आमच्या चार सेकंदांत नेमके हेच घडले होते.

म्हणून नियम असा की नेहमीच्या मांडणीच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश अंतरावर असावा. पंख २४ सेंटिमीटर रुंद असेल, तर हे अंतर ६ ते ८ सेंटिमीटर येते. तिथे दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान उचलायचे. ते आडवे राहिले किंवा नाक थोडेसे झुकले तर ठीक. शेपटी खाली गेली तर उडवायचे नाही, बॅटरी पुढे सरकवायची. केलींच्या सरकत्या वजनाचे काम आता बॅटरी करते, एवढाच फरक.

दुसरी तपासणी : कोन

केलींच्या ग्लायडरला इंजीन नव्हते. स्वतःच्या शक्तीवर उडणारे आणि वाटेत आपला तोल आपणच सांभाळणारे विमान दाखवले ते आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने. कमरेच्या सांध्याच्या विकारामुळे त्याला आरमारात जाता आले नाही, म्हणून तो उड्डाणाच्या अभ्यासाकडे वळला. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत जमलेल्या लोकांसमोर त्याने आपले 'प्लॅनोफोर' सोडले. पंखांची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, वजन अवघे १६ ग्रॅम आणि मागच्या टोकाला पीळ दिलेल्या रबराने फिरणारा पंखा. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. तेव्हा पेनो २१ वर्षांचा होता.

त्याची युक्ती कोनात होती. शेपटीचा पंख मुख्य पंखाच्या मानाने थोडा खालच्या कोनात बसवला, की नाक वरखाली होणे आपोआप आटोक्यात राहते. पंखांची टोके वर उचललेली ठेवली, की एका बाजूला कललेले विमान पुन्हा सरळ होते. आज शिकाऊ माणसाला जे 'ट्रेनर' विमान देतात, ते याच वंशातले. त्याचा पंख धडाच्या वर असतो आणि टोकांकडे उंचावत जातो. कांडी सोडून दिली तरी ते बहुधा स्वतःच सावरते.

पुढे पेनोने माणूस वाहून नेणाऱ्या विमानाचा आराखडा केला आणि १८७६ साली त्याचे पेटंटही घेतले. पण ते बांधण्यासाठी पैसा आणि पाठबळ मिळाले नाही. १८८० साली, वयाच्या ३० व्या वर्षी त्याने आपले जीवन संपवले. त्याच्या रबरी पिळाच्या खेळण्यांनी मात्र जग पाहिले. १८७८ साली अमेरिकेतील एका पाद्रीने आपल्या दोन मुलांसाठी तसले एक उडते खेळणे घरी आणले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

तिसरी तपासणी : कोणती कांडी, कोणती बाजू

इथे या इतिहासाला दोन फाटे फुटतात. एका मताने विमानाने स्वतःच सावरावे. दुसऱ्या मताने ते सावरण्याचे काम माणसाचे.

पहिल्या मताचे मोठे नाव म्हणजे स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली. ६ मे १८९६ रोजी त्यांचे वाफेच्या इंजिनावर चालणारे, पंखांची लांबी सुमारे ४ मीटर असलेले विमान पोटोमॅक नदीवर माणसाशिवाय सुमारे एक किलोमीटर उडाले. यश निर्विवाद होते. त्याच धर्तीवर त्यांनी माणूस बसेल असे विमान बांधले आणि ते ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ असे दोन्ही वेळा पाण्यात कोसळले. लँग्लींनी दोष विमान फेकणाऱ्या यंत्रणेला दिला, पण सांगाडाही ताण सोसण्याइतका भक्कम नव्हता. वर्गात सांगण्यासारखी गोष्ट इथे आहे. लांबी चौपट केली, की पंखाचे क्षेत्रफळ १६ पट होते, पण तशाच बांधणीचे वजन ६४ पट होते. लहान विमान उडाले, म्हणून तेच मोठे करून उडेल असे नाही.

राइट बंधूंनी १८९९ साली पाच फुटी पतंग बांधला तो वेगळाच प्रश्न विचारण्यासाठी. दोऱ्या ओढून पंखाला पीळ दिला, तर विमान हवे त्या बाजूला कलवता येईल का? येते, असे उत्तर मिळाले. लँग्लींच्या दुसऱ्या अपघातानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, त्यांचे विमान माणसासह उडाले. ते स्वतःहून सावरणारे नव्हते. त्याला सतत सांभाळावे लागे, पण ते सांभाळता येत होते.

छंदातले 'स्पोर्ट' विमान या दुसऱ्या घराण्याचे. त्याचे पंख जवळजवळ सरळ असतात. ज्या बाजूला कलवाल त्या बाजूला ते कललेलेच राहते, म्हणून कसरती करू शकते आणि म्हणूनच नवशिक्याला चकवते. आम्ही ट्रेनरची पायरी गाळून एकदम याला हात घातला होता, ही आमची दुसरी चूक.

यावरून तिसरी तपासणी. विमानाच्या मागे उभे राहा. कांडी उजवीकडे केली, की उजव्या पंखावरची झडप, म्हणजे एलेरॉन, वर गेली पाहिजे आणि डावी खाली. कांडी आपल्याकडे ओढली, की शेपटीची आडवी झडप वर गेली पाहिजे. आजच्या ट्रान्समीटरमध्ये एक कळ दाबली, की दिशा उलटी होते. त्यामुळे ही चूक करणे फार सोपे झाले आहे आणि तिची किंमत अख्खे विमान असते.

चौथी तपासणी : अदृश्य दोर

जमिनीवरच्या माणसाने उडत्या विमानाला हुकूम द्यायचा तर मध्ये काहीतरी दुवा हवा. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी संदेशाने चालणारी छोटी बोट दाखवली होती. पण बोट थांबली तर तरंगत राहते. विमानाला ती सवलत नाही. शिवाय त्या काळातले रेडिओ वजनाने भारी होते.

अमेरिकेतील कॅलमझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी हे कोडे १९३७ साली सोडवले. वॉल्टरला विमाने बांधण्याचा नाद, तर विल्यमला हौशी रेडिओचा. सुमारे ८ फूट पंखांच्या त्यांच्या 'गफ' विमानात निर्वात नळ्यांचा रिसीव्हर होता. तो एस्केपमेंट नावाची, रबराच्या पिळावर चालणारी चकती मोकळी करी आणि चकती सुकाणू हलवी. घड्याळाचा काटा खाचेखाचेने सरकावा तसा हा प्रकार होता. सुकाणू पूर्ण वळे किंवा मुळीच वळत नसे. थोडेसे वळणे त्याला ठाऊक नव्हते. हे विमान आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. रबराचा पीळ इथेही कामाला आला, याची आम्हाला गंमत वाटते.

'थोडेसे' वळणे सर्वत्र रुळले ते १९६० च्या दशकात, ट्रान्झिस्टरमुळे उपकरणे हलकी झाल्यावर. रिसीव्हर प्रत्येक सर्व्होला, म्हणजे झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरयंत्राला, सेकंदाला सुमारे ५० स्पंद पाठवतो. स्पंद दीड सहस्रांश सेकंदाचा असेल तर झडप मध्यावर राहते. तो एक सहस्रांशाकडे आखडला तर एका बाजूला आणि दोन सहस्रांशाकडे लांबला तर दुसऱ्या बाजूला वळते. बोट जितके सरकेल तितकीच झडप सरकते.

पूर्वी मैदानावर दोघांचे ट्रान्समीटर एकाच कंप्रतेवर सुरू झाले, की एखादे विमान हमखास पडे. म्हणून प्रत्येक कंप्रतेचा चिमटा फळ्यावरून घेतल्याशिवाय ट्रान्समीटर सुरू करायचा नाही, असा दंडक असे. २.४ गिगाहर्ट्झचे संच आल्यापासून ही अडचण जवळजवळ संपली. पल्ला मोजणे मात्र सुटले नाही. ट्रान्समीटरची शक्ती चाचणीपुरती कमी करून, माहितीपत्रकात सांगितलेल्या अंतरावर चालत जायचे आणि तिथून झडपा बिनचूक हलतात का ते पाहायचे. सुरू करताना आधी ट्रान्समीटर आणि मग विमान, तर बंद करताना आधी विमान. संदेश तुटलाच तर इंजीन मंद होईल अशी सोयही आधीच करून ठेवायची.

मग उड्डाण

मैदान निवडतानाही पाहायचे असते. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग पाडले आहेत. आपली जागा कशात येते हे आधी पाहावे. माणसे, रस्ते आणि विजेच्या तारा दूर असाव्यात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करावे, चूक सावरता येईल एवढी उंची गाठावी आणि मगच वळावे. विमान आपल्याकडे येऊ लागले, की त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो. नवखा माणूस इथेच गोंधळतो. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या बाजूला कांडी न्यावी, विमान सरळ होते. पहिल्या काही खेपा शेजारी जाणता माणूस असावा.

आम्ही दुसरे विमान बांधले ते ट्रेनर. तोलले, कोन मोजले, झडपा पाहिल्या, पल्ला मोजला. ते उडाले आणि उतरलेही.

हे करायला इंजीन किंवा रेडिओच हवा असे मात्र नाही. शाळेत केलींचे ग्लायडर पाच रुपयांत होते. बांबूची ३० सेंटिमीटरची पातळ पट्टी, जाड कागदाचा ३० गुणिले ८ सेंटिमीटरचा पंख, १२ गुणिले ५ चा आडवा शेपटीपंख, एक छोटा उभा पंख आणि मातीची गोळी. मुख्य पंखाची टोके किंचित वर उचला, आडव्या शेपटीची मागची कड किंचित वर वळवा. मग गोळी पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून १, २.५ आणि ४ सेंटिमीटरवर आणा. प्रत्येक वेळी पाच फेकी, प्रत्येक फेकीचे अंतर फळ्यावर. तिसऱ्या रकान्याच्या वेळी नाक वर करून कोसळणारे ग्लायडर पाहिले, की मुले स्वतःच कारण विचारतील.

२००३ साली मेनार्ड हिल या ७७ वर्षांच्या, दृष्टी जवळजवळ गमावलेल्या अमेरिकी गृहस्थांचे पाच किलोहून कमी वजनाचे विमान न्यूफाउंडलंडहून निघाले आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. उड्डाण आणि उतरणे रेडिओवर, मधला प्रवास स्वयंचलित यंत्रणेवर. अटलांटिक ओलांडणारे ते पहिले मॉडेल विमान. त्याआधीची विमाने समुद्रात गेली होती. पोहोचलेल्या विमानाचे नाव होते टॅम-५. नावातला तो पाचाचा आकडा वाचला, की आम्हाला आमचे चार सेकंद आठवतात आणि ते वाया गेले असे आता वाटत नाही.