डिजिटल शैक्षणिक साहित्य वर्गात वापरण्याआधी काय तपासावे?

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवे व्हिडिओ, पीडीएफ आणि ऑनलाइन चाचण्यांच्या लिंक येतात. पाठ्यपुस्तक छापण्याआधी तज्ज्ञ समिती ते तपासते. व्हिडिओ मात्र कोणीही अपलोड करू शकतो. त्यातली चूक एका तासिकेत सगळ्या वर्गाच्या डोक्यात बसते आणि ती काढायला बराच वेळ जातो. म्हणून साहित्य आधी पूर्ण पाहावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. साहित्य कोणी तयार केले?
तयार करणाऱ्याचे नाव आणि तारीख पाहावी. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आणि 2017 मध्ये सुरू झालेले 'दीक्षा' येथून शोध सुरू करणे सोयीचे. तरीही पुढची तपासणी टाळू नये.

२. माहिती जुनी तर नाही?
नऊ ग्रह सांगणारा व्हिडिओ कालबाह्य आहे. 2006 मध्ये प्लूटोला बटुग्रह ठरवण्यात आले. भारताच्या नकाशात 29 राज्ये दिसली, तर तो 31 ऑक्टोबर 2019 पूर्वीचा समजावा. आता 28 राज्ये आणि 8 केंद्रशासित प्रदेश आहेत.

३. शब्द पुस्तकातलेच आहेत का?
हिंदी व्हिडिओत अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणतात. मराठीत भिन्न म्हणजे वेगळे! पाचवीतले मूल इथेच अडखळते. असे शब्द आधीच फळ्यावर लिहून द्यावेत.

४. मुले काय करणार?
नुसते पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. व्हिडिओ मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल?' असे विचारता येते का, ते पाहावे. दहा मिनिटांच्या व्हिडिओतली कामाची दोन मिनिटेच दाखवली तरी चालते.

५. अ‍ॅप मुलांची माहिती मागते का?
नाव, फोन नंबर, फोटो कशासाठी हवा, हे विचारावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. लॉगिनशिवाय चालणारे साहित्य केव्हाही बरे.

६. वर्गात ते चालेल का?
व्हिडिओ आधीच डाउनलोड करावा. शेवटच्या बाकावरून अक्षरे दिसतात का, आवाज ऐकू येतो का, हे स्वतः तिथे बसून पाहावे.

जे काम फळा, खडू किंवा मूठभर चिंचोक्यांनी अधिक चांगले होते, तिथे स्क्रीनची गरज नाही. हृदयाच्या झडपांची उघडझाप दाखवायची असेल, तर मात्र चांगल्या अ‍ॅनिमेशनला तोड नाही.