पाण्याखालचा धोका कसा मोजला गेला?

तारकर्लीला स्कूबा करून आलेले इथे काही जण नक्की असतील. पाण्यात उतरण्याआधी एक फॉर्म भरून घेतात: दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, वगैरे. आणि आपण भराभर ‘नाही, नाही’ लिहून सही ठोकतो. त्या फॉर्ममागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आज आपण तो पाहू.

गोष्ट सुरू होते पुलांपासून. १९व्या शतकात नदीच्या तळाशी पाया खणायला केसॉन वापरत. केसॉन म्हणजे तळ नसलेली प्रचंड पेटी. आत दाबानं हवा भरायची, म्हणजे पाणी बाहेर राहतं आणि मजूर आत खणतात. खाली असताना काही होत नसे. वर आल्यावर मात्र सांधे धरायचे, कुणाचे पाय लुळे पडायचे, काही दगावायचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये याच आजारानं खिळले. १८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी कारण मांडलं: दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब झटकन उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडल्यासारखं.

मग किती हळू वर यायचं? ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हे शेळ्यांवर तपासलं. सांधा दुखला की शेळी पाय उचलून धरते, बघणाऱ्याला लगेच कळतं. १९०८ मध्ये बॉयकॉट, डॅमंट आणि हॉल्डेन यांचा निबंध आला आणि टप्प्याटप्प्यानं थांबत वर येण्याची कोष्टकं मिळाली. आजच्या बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटरच्या मुळाशी तोच विचार आहे.

इथे जरा थांबू. सगळ्या शेळ्या सारख्या नव्हत्या. दाब तोच, वेळ तोच. एक ठणठणीत, दुसरी लंगडत. चरबीत नायट्रोजन जास्त विरघळतो, म्हणून लठ्ठ माणसाला धोका अधिक, हेही त्यांनी नोंदवलं होतं. म्हणजे कोष्टक करणाऱ्यांनाच माहीत होतं की कोष्टक एकेका माणसाची हमी देत नाही. तरी ते चाललं, कारण उतरणारे होते निवडलेले, धडधाकट नौसैनिक.

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यान यांनी अॅक्वालंग तयार केलं आणि पुढे हौशी माणूस पाण्याखाली जाऊ लागला. त्यात पन्नाशीचे आले, बीपीची गोळी घेणारे आले. कोष्टक मात्र दोनच गोष्टी विचारतं: खोली किती आणि वेळ किती.

मग माणसं दगावतात कशानं? डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ मधले ९४७ मृत्यू तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या घटनांत सुरुवात कशानं झाली ते कळलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत टाकीतली हवा संपत आली होती. घातक इजांमध्ये गुदमरणं ३३ टक्के, फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरणं २९ टक्के, आणि हृदय २६ टक्के. ज्या आजारासाठी हॉल्डेननी कोष्टकं केली, त्याचा वाटा जेमतेम अडीच टक्के!

याचा अर्थ कोष्टकं फुकट गेली असा नाही. ती पाळली जातात, हेही त्यामागचं एक कारण असणार. पण उरलेला धोका त्यांच्या बाहेर आहे: हवेच्या मीटरकडे न बघण्यात, घाबरून श्वास रोखून वर धावण्यात, आणि पाण्यात उतरण्याआधीच आजारी असलेल्या हृदयात. याच संशोधकांनी विमाधारक सदस्यांमध्ये वर्षाला लाखामागे सुमारे १६ मृत्यू मोजले. तुम्ही म्हणाल, फार नाहीत. खरंय. पण ती सरासरी आहे. पंचविशीतला पोहणारा आणि साठीतला, जिना चढताना धापा टाकणारा, दोघे त्याच आकड्यात बसलेत.

म्हणून तो फॉर्म. कोष्टक जे विचारत नाही, ते तो विचारतो. आताच्या आंतरराष्ट्रीय फॉर्ममध्ये पंचेचाळिशीनंतरचा वेगळा प्रश्नही आहे. तिथे ‘हो’ लिहिलं म्हणजे सहल बुडाली असं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं, इतकंच. खोटं ‘नाही’ लिहिलं तर मात्र आपण स्वतःला त्या सरासरीत लपवतो. हॉल्डेनना शेळीचा पाय दिसत होता. आपली धाप आपल्यालाच सांगावी लागते.